मळहाताकडचा काटा

“बाई, तुम्ही गेलात म्हणे!”

काचा धुणाऱ्या मामांनी हातातली बादली खाली ठेवून हे अशा खणखणीत आवाजात विचारलं, की जिन्यावरून येणारे दोन विद्यार्थी जागच्या जागी थबकले. चित्रकार बाईंनी छत्री दाराच्या कडीला अडकवली, चष्मा रुमालाने पुसला आणि शांतपणे विचारलं, “कधी?”

“काल संध्याकाळी. मॅडमनीच जाहीर केलं. चाळीस बाटल्या पाणी तपासलं, तुमच्या नावाचं एक पोर सापडलं नाही. वंश बुडाला.”

“मग आज हजेरी कोण लावतंय?”

“तेच म्हणतो मी. सही जपून करा. भुताची सही रजिस्टरला चालत नाही.”

“मामा, एक दिवस त्या ॲसिडात तुमची जीभ बुडवून काढायला हवी.”

बाई हसल्या खऱ्या. पण टेबलाशी येऊन बसल्यावर बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की खांद्यावरची पिशवी त्यांनी अजून उतरवलेलीच नाही.

प्राणिशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी बसून, बाई तेहेतीस वर्षं पाय काढत होत्या. ‘पाय काढणे’ हा विभागाचा खास शब्दप्रयोग. नव्या माणसाला तो ऐकून वाटे, की इथे रोज कोणीतरी काढता पाय घेतं. पाय असत ते तळ्या-टाक्यांच्या गोड्या पाण्यात राहणाऱ्या कवचधारी जीवांचे. कुळ कोळंबी-खेकड्यांचं, पण आकार तिळाच्या निम्मा; म्हणून सगळे त्यांना नुसते ‘तीळ’ म्हणत. एका प्रजातीचा तीळ दुसऱ्या प्रजातीच्या तिळाशेजारी ठेवला, तर नुसत्या डोळ्यांना तर नाहीच, भिंगाखालीही फरक कळत नसे. त्यासाठी नराच्या उजव्या बाजूचा पाचवा पाय सुईच्या टोकाने सोडवायचा, काचपट्टीवर थेंबभर द्रवात निजवायचा आणि चारशे पटीने मोठा करून पाहायचा. पेरं किती, नखी कुठे वळते, काटा कुठून फुटतो, एवढ्यावर सगळा निवाडा. जुन्या सरांनी पायाच्या दोन बाजूंना माणसाच्या हाताचीच नावं देऊन टाकली होती. पुढची बाजू तळहात, मागची मळहात. पुस्तकात लांबलचक शब्द असत. विभागात मात्र ‘काटा मळहाताकडे’ एवढं म्हटलं की पुरे.

सगळीकडे सापडणाऱ्या साध्या तिळाचा काटा मळहाताकडे असतो. एकतीस वर्षांपूर्वी शहराच्या टेकडीवरच्या दगडी तळ्यात, पाणीपुरवठ्याच्या जुन्या तळ्यात, एकच नर असा सापडला की ज्याचा काटा तळहाताकडे होता. सरांनी ती नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केली आणि तिला चित्रकार बाईंचं नाव दिलं. “पस्तीस प्रजाती मी लिहिल्या,” ते पुढे निवृत्त होताना म्हणाले होते, “पण पस्तिसांचेही पाय हिने काढले.”

चित्रांखाली चित्रकाराचं नाव छापायची विभागात पद्धत नव्हती. बाईंचं नाव छापलेलं असं जगात ते एकच ठिकाण होतं.

साडेदहाला मॅडम आल्या. विभागाचा कारभार त्यांच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. वयाने बाईंच्या भाचीएवढ्या, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर.

“बाई, वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. काल रात्री झोप नाही नीट. पण चाळीस नमुने म्हणजे चाळीस. सगळे साधेच.”

“मग अहवालात काय लिहिलंत?”

“नामशेष. दुसरा शब्द काय लिहिणार? सात वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी तळं कोरडं केलं होतं, तेव्हाच गेली असणार. उद्या बारा वाजता जलाशय समितीची बैठक आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर मला तुमचं चित्र हवंय. नवं. मूळ स्लाइडवरूनच काढा. तुमच्या नावाची जात, तुमच्याच हातचं चित्र. वाचणाऱ्याच्या काळजाला लागलं पाहिजे.”

मॅडम गेल्या. ‘नामशेष’ हा शब्द बाईंनी मनात दोनदा फोड करून म्हणून पाहिला. नाम शेष. म्हणजे नाव तरी उरतं. तसं पाहिलं तर वाईट काय होतं त्यात?

त्यांनी लाकडी कपाटातून स्लाइड काढली. लेबलावर सरांचं बारीक अक्षर आणि कोपऱ्यात लाल टिंब. ज्या एका नमुन्यावरून प्रजातीला नाव मिळतं, त्याची ती खूण. शेजारी छापील चित्र उघडून ठेवलं, दिवा लावला, डोळा लावला आणि बारीक चक्रीवर बोट ठेवलं.

पाय दिसला. स्वच्छ, काचेसारखा, एकतीस वर्षांत जराही न मळलेला. नखी डावीकडे वळलेली होती.

छापील चित्रात ती उजवीकडे होती.

बाईंनी तेच केलं, जे कोणीही केलं असतं. स्लाइड उपडी तर ठेवली नाही ना, हे पाहिलं. लेबल वर होतं. मग कमी ताकदीच्या भिंगाखाली त्यांनी काच मुद्दाम उपडी घालून पाहिली. आता पाय आणि चित्र तंतोतंत जुळले. त्यांनी काच पुन्हा सरळ केली आणि चक्री अगदी हळू खाली फिरवत नेली. पारदर्शक पायात आधी जे स्पष्ट होतं ते वरच्या बाजूला असतं. आधी काटा स्पष्ट झाला, मग पेरं. नखीच्या वळणावरून बघता पाय मळहात वर करून निजला होता. म्हणजे काटा मळहाताकडेच होता. साध्या तिळासारखा.

त्या उठल्या आणि पाणी पिऊन आल्या. बसल्या, पुन्हा पाहिलं. पुन्हा उठून स्वच्छ असलेला कुंचला धुतला. जिना उतरून खालच्या फाटकापर्यंत गेल्या आणि कशासाठी आलो हे न आठवल्यामुळे तशाच वर आल्या. मामा म्हणाले, “चैन पडत नाहीसं दिसतं. मेल्यावर थोडे दिवस तसं होतंच.” बाई तशाच आत गेल्या. परत बसल्या. काटा जिथे होता तिथेच होता.

दुपारी बाराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, रापलेला, हातात चार घड्या घातलेला कागद.

“मॅडम आहेत का?”

“दुसऱ्या एका बैठकीला गेल्यात. काय काम होतं?”

“मी तळ्यावरचा पंपवाला. वरच्या, दगडी.” तो आत आला, पण बसला नाही. “खुलासा मागितलाय माझ्याकडे. सात वर्षांपूर्वी एकोणीस दिवस तळं कोरडं ठेवलं आणि दुर्मीळ जीव मारला, असं लिहिलंय. उद्या समितीपुढे उभं राहायचंय. म्हटलं, आधी भेटून यावं. मॅडमच्या हातापाया पडायला नाही, नुसतं विचारायला.”

“तळं का कोरडं केलं होतं?”

“तळाला चीर गेली होती. साहेबाचा तोंडी हुकूम होता. आता त्या हुकमाचं तोंड कुठे दिसत नाही.” त्याने घड्या घातलेला कागद उलगडला आणि पुन्हा मिटला. “बाई, मासे होते ना, ते मी घमेल्याने उचलून खालच्या डबक्यात सोडले. दोन कासवं होती, ती घरी नेली. एकोणीस दिवस आमच्या न्हाणीत होती. बायको बोलली मला, अंघोळ आता त्यांना विचारून करायची का म्हणून. आणि हे जनावर मी मारलं म्हणतात! मी ते पाहिलंसुद्धा नाही कधी. दिसतं कसं?”

बाईंच्या टेबलावर काचेच्या वाटीत मॅडमनी आणलेलं तळ्याचं पाणी होतं. त्यांनी ती भिंगाखाली सरकवली. पंपवाल्याने आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग एकदम ओरडला, “अरे! हे तर टणाटण उड्या मारतंय!”

“तुमच्याच तळ्यातलं आहे. गेल्या आठवड्यातलं.”

“मग आहे की! मेलं कुठे?”

“हे नव्हे. हे साधं. ते दुसरं असतं… असं छापलंय.” बाईंनी वाटी थोडी सरकवली. “दिसायला असंच. फक्त पायावरचा एक काटा दुसऱ्या बाजूला.”

“केवढा काटा?”

“तुमच्या डोक्यावरचा केस घ्या. त्याचे उभे दहा भाग करा. त्यातला एक.”

पंपवाल्याने वाटीत पुन्हा एकदा डोकावलं. “चौतीस वर्षं झाली,” तो म्हणाला, “एक दिवस शहराला पाणी कमी पडू दिलं नाही, तळं कोरडं होतं तेव्हाही नाही. लोकांना माझं तोंड माहीत नाही, ते बरंच आहे म्हणा. नळ उघडला की पाणी येतं, तोंड कशाला लागतंय? पण आता पोरीच्या सासरी पेपर येतो. त्यात पहिल्यांदा माझं नाव येणार, ते हे असं.”

“फोन नंबर लिहून ठेवा,” बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याने टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यावर जपून, एकेक आकडा सुटा सुटा काढला.

तो गेल्यावर बाईंनी दार ओढून घेतलं आणि कपाटाच्या तळचं जुनं बाड बाहेर काढलं. स्वतःची पेन्सिलीतली कच्ची चित्रं त्यांनी कधी टाकली नव्हती. तळ्याच्या तिळाचा पारदर्शक कागद सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी तो खिडकीच्या काचेला लावून धरला. पेन्सिलीच्या रेघा एका अंगाला होत्या. शाईच्या रेघा दुसऱ्या अंगाला.

मग त्यांना सगळं आठवलं. म्हणजे असं, की विसरलेलं काही नव्हतंच.

चित्र हुबेहूब यावं म्हणून सूक्ष्मदर्शकाला आरसा जोडलेला असे. पायाची प्रतिमा त्यातून कागदावर पडे आणि ती गिरवायची. जुना आरसा एकच होता, त्यामुळे चित्र डाव्याचं उजवं होऊन पडे. बाई पारदर्शक कागदावर पेन्सिलीने गिरवत, मग कागद उलटून मागून शाई भरत. उलट्याचं सुलट होई. दोन वर्षं रोज. कागद उलटणं हे त्यांच्या हाताला पापणी मिटण्याइतकं सहज झालं होतं. त्यानंतर दोन आरशांची नवी नळी आली. तिच्यातून प्रतिमा सरळच पडे. नळी बसवल्याची तारीख कामाच्या वहीत होती, आणि कच्च्या चित्राची तारीख तिच्या दुसऱ्या दिवशीची. नव्या नळीतून काढलेलं ते पहिलं चित्र. पुढच्या चित्रापासून त्यांच्या लक्षात राहिलं. मागच्या एका चित्राकडे वळून पाहायचं मात्र राहिलं.

बाईंनी एका कोऱ्या पारदर्शक कागदावर स्वतःचा उजवा हात पालथा ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली. मधल्या बोटाच्या मुळाशी, जिथे त्यांच्या मळहातावर एक चामखीळ होती, तिथे ठिपका दिला. मग कागद उलटला. समोर उजवा हातच होता, पण उताणा. आणि चामखीळ तळहातावर आली होती.

एवढंच झालं होतं. या फरकाला नुसती चामखीळ म्हणायचं की नवा माणूस, हे सरांनी ठरवलं होतं आणि त्यांनी नवा माणूस ठरवला होता.

साडेतीन वाजले. नवं चित्र सकाळपर्यंत द्यायचं होतं. नळी तीच होती, कागदांचा गठ्ठा समोर होता. पेन्सिलीने गिरवायचं आणि शाई भरण्याआधी कागद पुन्हा एकदा उलटायचा. कोणी ओळखणार नव्हतं. एकतीस वर्षांत ती स्लाइड कोणी काढली नव्हती. आता जी जात उरलीच नाही, तिची कोण काढणार? अहवालाच्या पहिल्या पानावर नाव राहील, पुस्तकांत राहील, नामशेष झालेल्यांच्या यादीत तर कायमच राहील. बाईंनी कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं. टोक झालं तरी करत राहिल्या. निम्मी पेन्सिल संपल्यावर त्यांनी ती खाली ठेवली, कच्चं चित्र पिशवीत घातलं आणि वेळेच्या एक तास आधी विभागातून बाहेर पडल्या.

सरांचं घर चालत वीस मिनिटांवर होतं. सूनबाईंनी दार उघडलं. सर खिडकीशी आरामखुर्चीत होते. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, कानातलं यंत्र मधूनच शीळ घालणारं.

“कोण, पाय काढणारी? ये. बस. अशी उभी काय?”

“सर, तळ्याची जात खोटी आहे.”

“काय?”

“खोटी आहे!”

सूनबाईंनी आतून डोकावून पाहिलं. “अगं, हिला काही खायला दे,” सर त्यांना म्हणाले, “कोणाला तरी खोटं म्हणतेय.”

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी कच्चं चित्र सरांच्या मांडीवर पसरलं आणि सांगायला सुरुवात केली. नळी, तारीख, कागद, नखीचं वळण. मधेच त्या सांगितलेलंच पुन्हा सांगत होत्या, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. सरांना ते एकदाच पुरे झालं होतं. त्यांनी कागद उजेडात धरून दोन्ही अंगांवरून बोट फिरवलं. शाई आणि पेन्सिल यांतला फरक बहुधा डोळ्यांपेक्षा बोटांनाच कळला असावा.

“मी स्लाइड पाहिली होती,” ते म्हणाले.

बाईंनी कागदाचं वळणारं टोक धरलं.

“पाहिली असणार. मी नेहमी पाहायचो.” यंत्राने शीळ घातली, त्यांनी ते काढून पुन्हा बसवलं. “नाही. नव्हती पाहिली. परिषदेला निघायचं होतं, खाली गाडी उभी होती. तुझं चित्र समोर होतं आणि ते इतकं स्वच्छ होतं, की काच कशाला काढायची असं वाटलं.”

“उद्या मॅडमना सांगावं लागेल. त्या पंपवाल्याकडून खुलासा घेतायत.”

“सांग. सांगितलंच पाहिजे. पण चूक माझी म्हणून सांग. वर्णन मी लिहिलं, नाव मी दिलं. चित्रकाराची चूक शास्त्रात धरत नाहीत. लिहिणाऱ्याची धरतात.”

“नको, सर.”

“का?”

“चूक तरी माझ्या नावावर राहू द्या.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांना नीट ऐकू आलं की नाही, बाईंना कळलं नाही. “तुमच्या पस्तीसच्या आता चौतीस होतील,” त्या घाईने म्हणाल्या आणि कागदाची गुंडाळी करू लागल्या. ती दोनदा सुटली. त्या दाराशी पोचल्यावर मागून आवाज आला.

“तुला दुसरी द्यायला हवी गं. पण आता माझ्या डोळ्यांना तीळ काय आणि मोहरी काय.”

घरी बाईंचे यजमान जेवणाच्या टेबलावर घड्याळ उघडून बसले होते. त्यांचं दुकान मुलाने चालवायला घेतलं होतं. अवघड घड्याळं तेवढी घरी येत. “आलीस? आज पाच मिनिटं पुढे आहेस.”

बाईंनी सगळं सांगितलं. चपला काढता काढता, हात धुता धुता, या खोलीतून त्या खोलीत जाता जाता. यजमानांनी डोळ्याचं भिंग काढलं नाही, पण चिमटा खाली ठेवला.

“म्हणजे आता पाहुण्यांना मी काय सांगायचं? तीस वर्षं सांगतोय, आमच्या हिच्या नावाचा किडा आहे म्हणून.”

“किडा नव्हे हो तो.”

“तेवढ्यावरून तर तू दर वेळी पाहुण्यांसमोर भांडायचीस. आता भांडणही गेलं.” त्यांनी समोरच्या घड्याळावर बोट ठेवलं. “मी जन्मभर घड्याळं मागूनच बघतोय. मागून काटे उलटे फिरतात. गिऱ्हाईकाला देताना आपण पुढून बघून देतो, एवढंच.”

“मी बघितलं नाही पुढून.”

“एकदा.”

“एकदाच.”

“तेहेतीस वर्षांत एकदा. असं घड्याळ माझ्याकडे आलं ना, तर मी दुरुस्तीला घेणार नाही. म्हणेन, घेऊन जा, बरं आहे.” आणि त्यांनी चिमटा उचलला, पण हातातला स्क्रू बसवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

सकाळी आठ वाजता बाई विभागात होत्या. मामांनाही नवल वाटलं. मॅडम आल्या तेव्हा स्लाइड भिंगाखाली लावलेली होती, शेजारी छापील चित्र, कच्चं चित्र आणि कामाची वही.

“झालं का चित्र?”

“आधी हे बघा.”

मॅडमनी पाहिलं. मग खुर्ची ओढून पुन्हा पाहिलं. मग आरशाची नळी, दोन तारखा, कागदाची दोन अंगं. बाई बोलत होत्या आणि त्यांच्या नकळत टेबलाच्या कडेवरून बोट पुढे-मागे फिरत होतं. मॅडमनी चक्री पुन्हा खाली-वर फिरवून पाहिली.

“बाई, बारा वाजता बैठक आहे,” मॅडम शेवटी म्हणाल्या. आवाजात चीड होती. “पेपरवाले येणार आहेत. सहा महिने या एका गोष्टीवर घालवलेत मी.”

“माहीत आहे.”

“काल सांगायचं!”

“काल मी सांगू शकले नाही.”

मॅडम उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. या वेळी अधिक वेळ. मान वर केली तेव्हा चीड गेलेली नव्हती, पण ती आता बाईंवर नव्हती. “मी चाळीस बाटल्या तपासल्या,” त्या म्हणाल्या, “आणि ही एक स्लाइड नाही काढली. छापलेलं आहे म्हटल्यावर कशाला काढायची!”

“सरांनीही तेच म्हटलं.”

“तुमच्या लक्षात येतंय ना, पुढे काय होणार? नाव काढून टाकावं लागेल. नामशेषच्या यादीत नाही, कुठल्याच यादीत नाही. साध्या तिळाच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ, ‘चुकून वेगळं मानलेलं नाव’. बस.”

“येतंय लक्षात.”

“तुमचं नाव…”

“पंपवाल्याचं कागदावरून काढा आधी,” बाई म्हणाल्या. “त्याला बाराला यायचंय.”

मॅडमनी दोन फोन केले. पहिला लांबला; त्यात ‘चूक’ हा शब्द चारदा आला, आणि चारही वेळा मॅडमनी ‘आमची’ म्हटलं. दुसरा लगेच संपला. मग त्या दाराकडे निघाल्या आणि थांबल्या. “तळ्याच्या त्या तिळाचं चित्र लागेलच. दुरुस्ती छापायची तर बरोबरच्या चित्रासकट छापली पाहिजे. तुम्ही काढाल? नाही म्हणालात तरी मी समजू शकते.”

“मीच काढणार,” बाई म्हणाल्या. “दुसरं कोण काढणार?”

पंपवाल्याला कळवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. सुट्या सुट्या आकड्यांचा नंबर फिरवल्यावर पलीकडून मोटारीचा घरघराट आला आणि त्यातून मोठ्याने “हॅलो!”

“मी विभागातून बोलतेय. काल तुम्ही आला होतात. आज बैठकीला यायची गरज नाही. खुलासा रद्द झाला.”

“रद्द?” घरघराट थांबला, त्याने बहुधा पंप बंद केला असावा. “कसा काय? सापडलं का ते?”

“नाही. तशी वेगळी जात नव्हतीच. आमच्याकडे चित्र उलटं काढलं गेलं होतं. तुमच्या तळ्यात जे होतं ते साधंच होतं, आणि ते अजून आहे.”

“म्हणजे मेलं नाही कोणी?”

“कोणी मेलं नाही.”

पलीकडे श्वास सोडल्याचा आवाज आला. मग तो एकदम दबक्या स्वरात म्हणाला, “बाई, एक विचारू? त्या कागदावर त्या जनावराचं नाव होतं. साहेब म्हणाले, कोणा बाईच्या नावावरून ठेवलंय. त्या आहेत का अजून?”

“आहेत.”

“मग त्यांना कळवलं का कोणी? नाही, आपलं काम झालं खरं, पण त्यांचं नाव गेलं ना यात.”

“कळवलं.”

“काय म्हणाल्या?”

बाईंनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. नळीतून पायाची प्रतिमा कागदावर पडली होती, नखी डावीकडे.

“काही म्हणाल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “कामात होत्या.”